सीडी, ब्ल्यू-रे की स्ट्रीमिंग? घरच्या घरी आवाजाची तुलना नीट कशी करायची

जवारी
"आता सगळं लॉसलेस मिळतं, सीडी काढून टाका" आणि "सीडीची सर स्ट्रीमिंगला येणारच नाही" ही दोन्ही मतं सारख्याच ठामपणे मांडली जातात. दोन्हीकडची मंडळी बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी ऐकून बोलत असतात, म्हणून हा धागा.

आधी आकडे. ऑडिओ सीडीवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज असतो, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ पासून लॉसलेस (म्हणजे काहीही न गमावता दाबलेला आवाज) द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफायवर बरीच वर्षं कमाल दर्जा ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ऑग व्हॉर्बिस, म्हणजे काही डेटा गाळून दाबलेला आवाज, होता, लॉसलेस सप्टेंबर २०२५ पासून यायला लागलं. तुमच्या प्लॅनमध्ये ते आहे का, हे अ‍ॅपच्या सेटिंगमध्येच बघावं लागतं. यूट्यूब म्युझिक अजून २५६ केबीपीएस एएसीच (हीही डेटा गाळणारीच पद्धत) देतं.

लॉसलेस फाइल उलगडली की मूळचा बिट न् बिट परत मिळतो. त्यामुळे मास्टर (ध्वनिमुद्रणाची अंतिम मूळ प्रत) तोच आणि बिट व सँपल रेटही तेच असतील तर सीडी आणि लॉसलेस स्ट्रीम यांच्या डेटात फरक असूच शकत नाही. तरी फरक ऐकू येतो, हेही खरं. त्याची कारणं तीन: मास्टर वेगळा असतो, आवाजाची पातळी वेगळी असते, किंवा फोनपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत काहीतरी बदलतं. ही तिन्ही एकेक करून बाजूला काढल्याशिवाय माध्यमाबद्दल मत देऊ नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

मिलिव्होल्ट
पातळीपासून सुरुवात करू, कारण नव्वद टक्के घरगुती तुलना तिथेच फसतात. सीडी प्लेअरचं लाइन आउटपुट साधारण २ व्होल्टचं असतं. फोनच्या डोंगलचं (हेडफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरचं) बऱ्याचदा १ व्होल्ट किंवा त्याहून कमी. अँपचं (अँप्लिफायरचं) आवाजाचं बटण न हलवता एकातून दुसऱ्यावर गेलात तर सीडी थेट ६ डेसिबलने मोठी वाजते. तेवढ्या फरकाला कान "भरदार", "खुला", "जिवंत" अशी विशेषणं लावून मोकळा होतो. त्याहून फसवा फरक अर्ध्या-एक डेसिबलचा. तो मोठा म्हणून कळत नाही, फक्त "जास्त चांगला" वाटतो.

जुळवायची पद्धत अशी. ३०० हर्ट्झचा सलग स्वर, पातळी उणे २० डेसिबल, अशी एक वेव्ह फाइल ऑडॅसिटीत (ध्वनि-संपादनाचा प्रोग्रॅम) तयार करा. ती सीडी-आरवर ऑडिओ सीडी म्हणून जाळा, आणि तीच फाइल स्ट्रीमरला (स्ट्रीमिंग वाजवणाऱ्या उपकरणाला) पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून द्या. अँपचा आवाज माफक ठेवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून त्याची टोकं एका स्पीकरच्या मागच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका, शॉर्ट झालं तर अँप जाईल. सीडीवर समजा ०.५०० व्होल्ट दिसले, तर स्ट्रीमरवर ०.४९४ ते ०.५०६ च्या आत यायला हवं. हा ०.१ डेसिबलचा पट्टा. १ किलोहर्ट्झ मुद्दाम घेतला नाही, कारण स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी व्होल्ट चुकीचे दाखवायला लागतात.

एव्ही रिसीव्हर असेल तर प्रत्येक इनपुटची पातळी वेगळी लावायची सोय मेनूत असते, पण पायरी बहुधा अर्ध्या डेसिबलची. उरलेलं स्ट्रीमरच्या स्वतःच्या व्हॉल्यूमने जुळवा.

जवारी
याला सोपा पर्याय आहे. दोन्ही स्रोत एकाच डॅकला (डिजिटल डेटाचा अ‍ॅनालॉग आवाज करणाऱ्या उपकरणाला) जोडा. सीडी प्लेअर ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअलने, स्ट्रीमर किंवा लॅपटॉप यूएसबीने. मास्टर तोच असेल, अ‍ॅपमधलं नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय) बंद असेल आणि लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण असेल तर पातळी आपोआप सारखी येते आणि डॅकचा फरकही निघून जातो. इनपुट बदलल्यावर डॅकला लॉक व्हायला एखाद सेकंद लागतो. त्या खंडामुळे कोणता स्रोत चालू आहे ते ओळखू येऊ शकतं, म्हणून बटण दुसऱ्या कुणाला तरी दाबू द्या.

ओसरी
छान माहिती. माझ्याकडे अँड्रॉइड फोन, एक ब्लूटूथ साउंडबार आणि जुना सीडी प्लेअर आहे. अ‍ॅपमध्ये लॉसलेस चालू केलंय. तुलना करण्याआधी अजून काय काय बघायचं?

जवारी
ओसरी, ब्लूटूथ मध्ये आलं की लॉसलेसचा विषय तिथेच संपतो. फोन आधी फाइल उलगडतो आणि मग साउंडबारसाठी पुन्हा दाबतो. साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबायची-उलगडायची पद्धत) फार तर ३२८ केबीपीएसवर चालतो. एलडॅक ९९० पर्यंत जातो, पण सिग्नल क्षीण झाला की तो आपण होऊन ६६० किंवा ३३० वर उतरतो. तुलनेपुरती तरी वायर लावा, किंवा साउंडबारला वायफाय असेल तर अ‍ॅपमधून थेट त्यावर पाठवा.

अ‍ॅपमध्ये बघायचं ते असं. दर्जाची सेटिंग वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांना वेगवेगळी असते, तिन्ही तपासा. 'डेटा सेव्हर' बंद. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद. इक्वलायझर बंद, फोनच्या सेटिंगमधला डॉल्बी किंवा तत्सम 'इफेक्ट'ही बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं नॉर्मलायझेशन. स्पॉटिफाय मूळ सेटिंगला सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास आणतं, अ‍ॅपलचं 'साउंड चेक' उणे १६ ला. त्यामुळे मोठ्या आवाजात मास्टर केलेली आधुनिक सीडी स्ट्रीमपेक्षा ५-६ डेसिबल मोठी वाजू शकते. एरवी नॉर्मलायझेशन चांगली सोय आहे, तुलनेच्या वेळी मात्र नको.

अँड्रॉइड सहसा सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झला बदलून पुढे पाठवतं. ४४.१ वरून ४८ चं रूपांतर नीट झालं तर कानाला कळत नाही, पण 'बिट न् बिट तोच' हा दावा तिथे मोडतो. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं अ‍ॅप डॅकला थेट डेटा देतं. विंडोजवर त्यासाठी वासापी एक्स्क्लुझिव्ह मोड वापरा. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये जाऊन सँपल रेट हाताने बदलावा लागतो. आयफोनला यूएसबी डॅक लावला तर तो स्वतःच रेट बदलतो. अ‍ॅपल टीव्ही ४के मात्र ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही.

डेटाचा हिशोब: २५६ केबीपीएसला तासाला ११५ एमबी, सीडी-दर्जाच्या लॉसलेसला साधारण ४०० एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर लॉसलेस पावणेचार तासांत संपेल.

चौघडा
कोडेकमुळे फरक पडतो का आणि मास्टरमुळे पडतो का, हे वेगळं करायचं असेल तर स्ट्रीमिंग सेवा बाजूलाच ठेवा. आपल्याच सीडीचं एक गाणं फ्लॅकमध्ये (लॉसलेस फाइलचा प्रकार) काढा. त्याच फाइलपासून २५६ केबीपीएस एएसी किंवा क्यू९ दर्जाची ऑग व्हॉर्बिस बनवा (क्यू९ म्हणजे ३२० च्या आसपास). आता मास्टर एकच, फरक फक्त कोडेकचा. फूबार२००० मध्ये एबीएक्स कंपॅरेटर घालून दोन्ही फाइली द्या. तो 'एक्स' म्हणून दोन्हींपैकी एक लपवून वाजवतो, आपण ओळखायची.

१६ फेऱ्या करा, आणि आकडा आधीच ठरवा, मनासारखा निकाल आला की थांबायचं नाही. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, म्हणून १२ ला 'ओळखलं' म्हणता येतं. १० बरोबर आले तर खुश होऊ नका, अंदाजपंचेसुद्धा १० किंवा जास्त साधारण २३ टक्के वेळा येतात.

तुकडा निवडणं ही खरी कला आहे. कोडेकला झटक्याने येणारे आवाज जड जातात: तबल्याच्या किनारीवरचा 'ना', टाळ, घुंगरू. आघाताच्या क्षणभर आधी एक फसफस ऐकू येते, कारण कोडेक आघाताची चूक त्याच्या आधीच्या शांततेतही पसरवतो. दुसरी अवघड जागा टाळ्यांचा कडकडाट. तिसरी तानपुरा. जवारीतून (तारेखालच्या घोडीच्या घडणीतून) उठणारी वरच्या स्वरांची सलग झळाळी कमी बिटरेटला थरथरायला लागते. १२८ केबीपीएस एमपी३ वर हे बहुतेकांना ऐकू येईल. २५६ एएसीवर हेडफोन लावूनही फार थोड्यांना येतं.

आणि चाचणीच्या वेळी पंखा बंद करा. पंख्याच्या घरघरीत बारकावे बुडतात, मग २४ बिट असो की १६. सीडीच्या १६ बिटांनाच साधारण ९६ डेसिबलची डायनॅमिक रेंज आहे. आपल्या हॉलमध्ये तेवढी शांतता मिळत नाही.

श्रुतिभेद
वरचं सगळं वाचलं, तरी मला सीडीच जास्त भरीव वाटते. चाचणीच्या ताणात कान नीट काम करत नाही. निवांत ऐकतानाच फरक कळतो.

मिलिव्होल्ट
ताणाचा मुद्दा खरा आहे, पण एबीएक्सला वेळेची मर्यादा नाही. एक फेरी आज, एक उद्या केली तरी चालते. आणि तुमच्या सीडी प्लेअरमधला डॅक आणि फोनच्या डोंगलमधला डॅक वेगळे आहेत, पातळी वेगळी आहे. तुम्हाला ऐकू येणारा फरक खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्याचं श्रेय चकतीला द्यायचं की प्लेअरला, एवढंच तपासा: प्लेअरचं ऑप्टिकल आउटपुट स्ट्रीमर ज्या डॅकला आहे त्यालाच जोडा. फरक टिकला तर बहुधा मास्टर वेगळा आहे. गेला तर तो प्लेअरच्या अ‍ॅनालॉग भागाचा किंवा पातळीचा होता.

लॅपटॉप चार्जरला लावून ऐकत असाल तर ग्राउंड लूपची (उपकरणांच्या अर्थिंगमुळे होणारी) बारीक गुणगुण येते का तेही बघा. चार्जर काढल्यावर गेली तर दोष तिथला. केबल टीव्हीच्या वायरमुळेही हेच होतं. ऑप्टिकल वायरीत विजेचा संबंध येत नाही, त्यामुळे ती लावली की प्रश्न सुटतो.

तबकडी
मास्टरच्या मुद्द्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या संगीतात खरी लढाई तिथे आहे. नवीन ध्वनिमुद्रणात सीडी आणि स्ट्रीम बहुधा एकाच मास्टरवरून येतात. जुन्या नाट्यसंगीतात, भावगीतांत आणि ख्यालात तसं नाही. एकच गाणं अ‍ॅपवर तीन-चार संग्रहांत सापडतं आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. संग्रहाच्या पानावर तळाशी हक्काचं वर्ष आणि कंपनी दिलेली असते, ती सीडीच्या वेष्टनाशी ताडून बघा. गाण्याची लांबी सेकंदापर्यंत जुळते का बघा. दोन-तीन सेकंदांचा फरक असला की बहुधा ट्रान्स्फर (मूळ मुद्रणावरून केलेली डिजिटल प्रत) वेगळं.

बालगंधर्वांच्या ७८ आरपीएम तबकड्या घ्या. अशा तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. मूळ तबकडीत खरखर असणारच. ती घालवण्यासाठी नॉइज रिडक्शन जास्त लावलं की काय होतं ते ऐकायचं असेल तर दोन ओळींमधल्या जागेकडे लक्ष द्या. गायक थांबल्यावर मागचं अगदी चिडीचूप होत असेल, आणि स्वर लागताच त्याच्यासोबत खरखर परत येत असेल, तर समजा की सॉफ्टवेअरने स्वरांच्या शेपट्याही कापल्या आहेत. सारंगीची वरची धार, 'स' आणि 'श'मधला फरक, हार्मोनियमच्या भात्याचा श्वास हे सगळं त्यात जातं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. खरखर सलग आणि सारखी असलेलं ट्रान्स्फर घ्या. दोन मिनिटांत कान तिला विसरतो.

दुसरी खूण खोटा स्टिरिओ. मूळ मुद्रण मोनो असेल तर डावा आणि उजवा चॅनल तंतोतंत सारखे असायला हवेत. आपल्या सीडीवरून काढलेली फाइल ऑडॅसिटीत उघडा, 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, एक चॅनल 'इन्व्हर्ट' करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. खरा मोनो असेल तर शांतता. गुंजणारा आवाज उरला तर कुणीतरी वरून रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) घातला आहे.

तिसरी खूण वेग. जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ नेच कापल्या जात असं नाही. ७८ ची तबकडी ८० ने फिरवली तर स्वर ४४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. काळी एकचा गायक काळी एक आणि पांढरी दोन यांच्या जवळपास मधोमध जाऊन बसतो. हार्मोनियमवर षड्ज जुळवून बघा, कोणत्याच पट्टीत बसत नसेल तर ट्रान्स्फरच्या वेगाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

अशा मुद्रणाची २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल घेऊन तबकडीत नसलेलं काही मिळणार नाही. ट्रान्स्फर करणाऱ्याने सुई कोणती लावली आणि हात किती आवरता ठेवला, यावर सगळं आहे.

पडदा
चित्रपटांचा विषय वेगळा. इथे चकती आकड्यांत खरोखर पुढे आहे. ब्ल्यू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो, दोन्ही लॉसलेस, कमाल मर्यादा अनुक्रमे १८ आणि २४.५ मेगाबिट. स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारं डॉल्बीचं तंत्र) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये (डीडी प्लस) गुंडाळलेला असतो. नेटफ्लिक्सवर त्याची कमाल ७६८ केबीपीएस, ५.१ ची ६४०. डीव्हीडीच्या डॉल्बी डिजिटलची मर्यादा ४४८ होती आणि डीडी प्लस त्याहून कार्यक्षम कोडेक आहे, त्यामुळे चांगला स्ट्रीम डीव्हीडीला सहसा मागे टाकतो. ब्ल्यू-रेशी तुलना करताना मात्र पुन्हा पातळी आडवी येते. नेटफ्लिक्स संवादांची सरासरी पातळी उणे २७ वर ठेवायला सांगतं, चकतीवरचं मिश्रण वेगळ्या पातळीला असू शकतं. म्हणून 'ब्ल्यू-रे जास्त दणदणीत' हे मत संवादांची पातळी जुळवून पुन्हा तपासा.

चकती घेऊनही लोकांना लॉसलेस मिळत नाही, त्याची दोन नेहमीची कारणं. पहिलं, प्लेअरच्या मेनूतलं 'बीडी ऑडिओ मिक्स' किंवा 'सेकंडरी ऑडिओ' चालू राहिलेलं. ते चालू असेल तर प्लेअर मेनूचे टिकटिक आवाज मिसळण्यासाठी ट्रूएचडी सोडून साधा डॉल्बी डिजिटल पाठवतो. ते बंद करा, आउटपुट 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता पाठवणं) ठेवा आणि रिसीव्हरच्या पट्टीवर 'ट्रूएचडी' किंवा 'अ‍ॅटमॉस' उमटतंय का बघा. दुसरं, जोडणी. ऑप्टिकलमधून ट्रूएचडीही जात नाही आणि डीडी प्लसही नाही. साध्या एआरसीमधून (टीव्हीच्या एचडीएमआयमधून आवाज परत पाठवायची वाट) डीडी प्लस जातो, ट्रूएचडी नाही. त्याला ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) लागतं, किंवा प्लेअर थेट रिसीव्हरच्या एचडीएमआयला लावा. सॅमसंगच्या टीव्हींनी २०१८ पासून डीटीएस काढून टाकलं आहे, तेव्हा डीटीएसची चकती टीव्हीमार्फत साउंडबारला द्यायची असेल तर नुसती शांतता मिळू शकते. प्लेअरमध्ये पीसीएम (प्लेअरनेच उलगडलेला आवाज) निवडला की आवाज येतो.

संवाद पुटपुटल्यासारखे येतात ही तक्रार दर्जाची नसून बहुधा डाउनमिक्सची (अनेक चॅनलचा आवाज दोन स्पीकरांत बसवण्याची) असते. टीव्हीचेच स्पीकर असतील तर अ‍ॅपमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ ट्रॅक निवडा.

एडिसनकर
इकडे अमेरिकेत ब्ल्यू-रे अजून सहज मिळतात. पुण्याला घरी द्यायला काही नेल्या तर तिकडच्या प्लेअरवर चालतील का?

पडदा
अमेरिकेतली ब्ल्यू-रे रीजन ए, भारत रीजन सी. चकती रीजन-लॉक असेल तर इकडच्या प्लेअरवर चालणार नाही. बऱ्याच चकत्या सर्व रीजनच्या असतात, मागच्या बाजूला ए-बी-सी तिन्ही अक्षरं आहेत का बघा. ४के यूएचडी चकत्यांना रीजनच नसतो, त्या निर्धास्त आणा, मात्र सोबतची साधी ब्ल्यू-रे लॉक असू शकते. डीव्हीडी तिकडे रीजन १, इकडे ५. प्लेअरच नेणार असाल तर मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का वाचा. नुसतं १२० लिहिलेला प्लेअर २३० व्होल्टला लावला तर जळेल.

दर्यावर्दी
कोकणात आणि गोव्यात सीडी ठेवणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात कपाटात दमट हवा राहिली की वेष्टनातल्या कागदाला बुरशी येते आणि ती चकतीवर उतरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि कागद वेगळा ठेवा. चकती पुसताना मऊ मायक्रोफायबर घ्या आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. आडव्या ओरखड्याची भरपाई प्लेअरची चूक-दुरुस्ती सहज करते, साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट ती पूर्णपणे भरून काढते.

लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजूवर पेनाने लिहितात, हे उलटं आहे. सीडीत अ‍ॅल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या लाखेखाली लगेच असतो. तिथला ओरखडा म्हणजे डेटा कायमचा गेला.

चकत्या आहेत तोवर फ्लॅक करून ठेवा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये सिक्युअर मोड लावा, ड्राइव्हचा रीड ऑफसेट एकदा ठरवून घ्या आणि अ‍ॅक्युरेटरिप (इतरांनी केलेल्या प्रतींशी ताडून बघणारी यादी) चालू ठेवा. भारतीय प्रेसिंग त्या यादीत सापडली नाही तर 'टेस्ट अँड कॉपी' करा. दोन्ही वेळचे सीआरसी (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळले तर रिप (सीडीवरून काढलेली प्रत) विश्वासार्ह समजा. एक सीडी साधारण ३०० ते ४५० एमबी होते, २०० सीडींना ८० जीबी पुरतात. लॉग फाइल जपून ठेवा.

याचा अजून एक फायदा: सलग मैफल तुकड्यांत कापलेली असेल तर काही अ‍ॅपमध्ये आलापातून विलंबितात जाताना क्षणभर खाच पडते. फ्लॅक आणि गॅपलेस प्लेअर असेल तर ती पडत नाही.

ओसरी
आमच्याकडे '५० गाणी एका सीडीत' अशा बऱ्याच चकत्या आहेत आणि मराठी नाटकांच्या व्हीसीडी. त्यांचं काय करावं?

दर्यावर्दी
पन्नास गाण्यांची म्हणजे एमपी३ सीडी. चकती असली तरी आवाज दाबलेलाच आहे. संगणकात उघडून फाइलचा बिटरेट बघा. स्पेक या प्रोग्रॅममध्ये टाकलीत तर १२८ केबीपीएसची फाइल साधारण १६ किलोहर्ट्झला कापलेली दिसते. यांच्यापेक्षा स्ट्रीमवरचं चांगलं ट्रान्स्फर नक्की सरस. त्या फ्लॅक करू नका, जागा वाढेल, दर्जा वाढणार नाही. फाइली तशाच उतरवून घ्या.

व्हीसीडीचा आवाज २२४ केबीपीएस एमपेग लेयर २, संवादांना पुरेसा. पण व्हीसीडीत चित्र-आवाजाच्या भागाला डेटा सीडीइतकी चूक-दुरुस्ती नसते, त्यामुळे ओरखडे तिला जास्त भोवतात. आणि नाटक स्ट्रीमवर सापडेलच याची खात्री नाही. म्हणून आधी व्हीसीडी हातात घ्या. चकतीवरच्या एमपेगएव्ही फोल्डरमधली एव्हीसेक०१.डॅट ही फाइल हवी. साध्या कॉपीला ती मधेच अडली तर आयसोबस्टरने काढा. पुन्हा कन्व्हर्ट करू नका, व्हीएलसी ती आहे तशी वाजवतं. दोन चकत्यांचं नाटक असेल तर दुसरीही त्याच दिवशी काढा आणि फाइलच्या नावात अंक लिहा, नाहीतर दोन्हींचं नाव एकच असल्यामुळे दुसरी पहिलीवर लिहिली जाते.